पाठ घासलेली अक्षरे



गेल्या आषाढीला वाखरीच्या मुक्कामी आमच्या दिंडीतली एक कॉलेजात शिकणारी मुलगी जवळ येऊन बसली. म्हणाली, "महाराज, महाराष्ट्राचा इतिहास नीट वाचायचा आहे. मोबाइलवर रोज काहीतरी येतं, पण एकातलं दुसऱ्याशी जुळत नाही. खरं कुठे बघायचं?" चाळीस वर्षे कीर्तनात मी इतिहासाचे दाखले दिले, पण "हे कुठे लिहिले आहे?" असे मला कधी कोणी विचारले नव्हते. खरे सांगतो, मी गडबडलो.

मग तिला म्हटले, "बाळ, उद्या राउळात गेल्यावर चौऱ्यांशीचा लेख बघ."

तो शिळालेख तुम्हालाही ठाऊक आहे. त्याला पाठ लावली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. मीही सांगितले, मीही पाठ घासली. पण त्यात काय लिहिले आहे? शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिले, त्याची ती नोंद आहे. त्यात देवगिरीचे रामदेवराव यादव आहेत, हेमाडपंत आहेत, आणि कोणत्याही बखरीत ज्यांचे नाव येणार नाही असे साधे भक्तही आहेत. आता ज्ञानेश्वरीचा शेवट आठवा. शके १२१२. ज्ञानोबारायांनी तिथे राजाचे नाव घातले आहे, ते याच रामचंद्राचे. दगड आणि ओवी एकमेकांना न विचारता एकच साक्ष देतात. पुरावा जुळणे म्हणजे काय, ते तिथे उभ्या उभ्या कळते. आणि तीच अक्षरे आपल्या पाठींनी झिजली.

त्याहून जुना लेखही तिथेच सोळखांबीच्या तुळईवर आहे, शके ११५९ चा, होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा. त्यात संस्कृताबरोबर कानडी आहे. महाराष्ट्राचा इतिहास शिकायला निघालेल्याने हे मनात ठेवावे, म्हणजे आजच्या सीमा तेव्हाच्या काळावर लादल्या जात नाहीत. दगडावरचे वाचवत नसेल तर ग. ह. खरे यांचे 'श्रीविठ्ठल आणि पंढरपूर' आणि शं. गो. तुळपुळे यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' ही पुस्तके ग्रंथालयात मागा. रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' त्यानंतर घ्या. त्यातली काही मते आपल्या माणसांना टोचतात, मलाही टोचली. पण आधार दाखवल्याशिवाय ते पुढे जात नाहीत.

आपल्या पोथ्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. महिपतीबुवांचा भक्तिविजय शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली पुरा झाला. तुकोबारायांच्या प्रयाणाला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. पण बुवांचा प्रामाणिकपणा बघा. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधाराने लिहितो, हे ते सांगून टाकतात. मी कीर्तनात एवढेही सांगत नसे! उलट बहिणाबाईंनी स्वतःचे चरित्र अभंगांतून सांगितले आहे आणि त्या देहूला तुकोबांच्या सहवासात होत्या. दोन्ही ग्रंथ आपल्याला वंदनीयच. पण देहूत त्या काळी काय घडले याची साक्ष हवी तर आधी बहिणाबाईंकडे जावे. शतकानंतर लोक तुकोबांना कसे आठवत होते, ते महिपतीबुवा सांगतील.

राज्यकारभाराचा इतिहास हवा त्याला वि. का. राजवाड्यांचे ऋण मानावेच लागेल. बखरींवर विसंबू नका, अस्सल पत्रे बघा, असा त्यांचा हट्ट. वाईला मिळालेल्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, १७५० ते १७६१ या वर्षांचा, म्हणजे थेट पानिपतापर्यंतचा. असे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड आहेत. १९१० साली त्यांनीच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. नवख्याने मात्र एकदम तिकडे उडी घेऊ नये, दमछाक होते. आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचावी, मग आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर, मग सरदेसायांची 'मराठी रियासत'. मोबाइलवरच वाचायचे तर विश्वकोश तिथेही फुकट मिळतो, हे त्या मुलीनेच मला दाखवले.

आता एक कबुली. आमच्या घरी आजोबांचे एक बाड होते, लाल फडक्यात बांधलेले. काही पाने बाळबोध, बरीचशी मोडी. मला मोडी येत नव्हती. वडील गेल्यावर जुने कागद घरात नकोत म्हणून मी ते हार-फुलांबरोबर चंद्रभागेत सोडले. हात जोडून सोडले! त्यात दिंडीचा हिशेब होता, कोणाचे अभंग होते की जमिनीचा कागद, हे आता पांडुरंगालाच ठाऊक. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, हे मी शेकडो कीर्तनांत सांगितले होते. कोणाच्या तरी घरी त्या प्रती राहिल्या होत्या, म्हणून ताडता आल्या. एवढी साधी गोष्ट बाड सोडताना मला सुचली नाही.

तुमच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, फडाच्या पेटीत असे काही असेल तर पाण्यात सोडू नका. ओलीपासून लांब, स्वच्छ सुती कापडात ठेवा. चिकटलेली पाने ओढू नका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. मूळ कागद कोणाला देण्याआधी घरातल्या पोरांकडून एकेका पानाचा फोटो काढून घ्या, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला ते फोटो दाखवा. ती मुलगी सध्या मोडी शिकते आहे. मागच्या एकादशीला तिने वहीत माझे नाव मोडीत लिहून दाखवले. मला ते वाचता आले नाही.