यशयाची खूण आणि महानुभावांची रीत

बाळापूरजवळ १७२० साली निजाम-उल-मुल्क आणि आलम अली खान यांच्या फौजा भिडल्या. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा आजचा किल्ला त्यानंतरचा. सैन्य वेशीशी आले असता माणूस भविष्य विचारतो ते उद्याचे. हिब्रू संदेष्टा यशया याच्या ग्रंथातील सातवा अध्याय वाचताना आम्हांला हे गाव आठवते.

इ. स. पू. ७३४ च्या सुमारास अराम आणि इस्राएल यांचे राजे यरुशलेमवर चालून आले. यहूदाचा राजा आहाज भयभीत झाला. यशयाने त्याला खूण दिली ती एका येणाऱ्या बाळाची, इम्मानुएलची: त्याला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच या दोन राजांचे देश ओस पडतील. पुढे मत्तयाने हेच वचन येशूच्या जन्माला लावले. मुळातील ‘अल्मा’ म्हणजे तरुणी. ग्रीक भाषांतराने तिथे कौमार्य सुचवणारा ‘पार्थेनोस’ हा शब्द योजला होता. मराठी बायबलात ‘कुमारी’ आले, आणि तो शब्द वाचकाला मत्तयाच्याच अर्थाकडे नेतो. दुसऱ्या शतकात जस्टिनने लिहिलेल्या संवादात त्रिफो हा यहुदी मात्र ते बाळ म्हणजे आहाजचा पुत्र हिज्कीया, असे बजावतो.

हा वाद मराठीलाही परका नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते मुख्यतः कोकणातील बेने इस्राएलांसाठी. मिशनऱ्यांच्या शाळांत ते हिब्रू शिकले, धर्मग्रंथ मराठीत वाचू लागले. ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. शिकवणाऱ्याने भाषा दिली, पण तिच्यातून कोणता अर्थ काढावा हे त्याच्या हाती राहिले नाही.

आमच्या मते इथे वऱ्हाडची एक जुनी रीत उपयोगी पडते. म्हाइंभटाने रिद्धपूरच्या परिसरात चक्रधरांच्या लीळा जमवल्या. पुढे केसोबासाने त्यांतील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. सुटी झालेली सूत्रे दुर्बोध होऊ लागली, म्हणून महानुभावांनी ‘प्रकरणवश’ रचला: कोणते वचन कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले, याची नोंद. प्रसंगावाचून सूत्राचा अर्थ लावू नये, हा त्यामागचा दंडक. (साहित्याच्या वर्गात संदर्भासहित स्पष्टीकरण मागणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.) हा दंडक लावला तर यशयाची खूण आधी आहाजची ठरते. मत्तयाचे वाचन त्यामुळे खोटे पडत नाही; ते एका नव्या प्रसंगातील वाचन आहे. मात्र त्यालाच मूळ अर्थ म्हटले, तर वेढ्याच्या भीतीत उभा असलेला राजा निरुत्तरच राहतो.