तळ्याची पाळू

कंधारला येणारा पाव्हणा आधी किल्ला बघतो. खंदक, बुरूज, तटावरची झुडपं बघून होईस्तोवर दुपार कलते आणि मग कुणीतरी म्हणतं, चला, तळ्यावर जाऊन येऊ. त्या तळ्याला गावात जगत्तुंग सागर म्हणतात. जुनं नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. तिसऱ्या कृष्णाच्या आजोबांचंही हेच नाव. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या भागात खरा समुद्र कुणी बघितलेला नव्हता, म्हणून माणसांनी मातीची पाळू घालून अडवलेल्या पाण्यालाच समुद्र म्हणून टाकलं. मला त्या नावाचं फार कौतुक वाटतं.

पण त्याहून जास्त नवल मला पाळूचं वाटतं. किल्ला दगडाचा आहे, तो पडला तरी ढिगारा राहतो. मातीचा बांध तसा नाही. मातीला दर उन्हाळ्यात भेग पडते, दर पावसाळ्यात ओघळी पडतात, घुशी-उंदीर पोखरतात. दर वर्षी कुणी हात फिरवला नाही तर शे-दोनशे वर्षंसुद्धा ती टिकायची नाही. ज्या तळ्यात हजार वर्षांनंतर पाणी दिसतं, तिथं पिढ्यान् पिढ्या कुणीतरी टोपलं-कुदळ घेऊन पाळूवर गेलेलं असतं. त्यांची नावं शिलालेखात नसतात. बांधणाऱ्या राजाचं नाव राहतं, भेगा बुजवणाऱ्याचं राहत नाही.

निजामाच्या राज्यात ही व्यवस्था थोडीफार कागदावर होती. तेलंगणात तळं बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त ठेवणाऱ्याला जमीन इनाम मिळायची. त्याला दसबंद म्हणायचे. आपल्या नांदेडचा पूर्वेकडचा भाग त्या मुलखाला लागूनच. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. पाळू राखली तर जमीन हातात राहायची, तेव्हा माणूस मध्यरात्री पावसातसुद्धा कंदील घेऊन पाळूवर जाणारच की.

तरीही त्याच राज्यानं मोठा तडाखा खाल्ला. २८ सप्टेंबर १९०८ला हैदराबादेत मुसी नदीला पूर आला. हजारो माणसं गेली. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं. त्यांनी नदीचं वरचं खोरं तपासलं तेव्हा कळलं, की त्या खोऱ्यात ७८८ तळी होती आणि त्यातली २२१ फुटली होती. एक फुटलं की त्याचा लोंढा खालच्या तळ्यावर, ते फुटलं की दोन्हींचा लोंढा तिसऱ्यावर. एकेक तळं बघितलं तर फार मोठं नव्हतं. लहान तळ्याचं भय कुणी धरत नाही, आणि माझ्या मते तेच त्याचं मोठं भय आहे. पुढं उस्मानसागर आणि हिमायतसागर ही मोठी धरणं झाली. आज तिथं हैदराबादची माणसं फिरायला जातात.

आमच्या नांदेड-लातूर भागातली बरीच लहान तळी मात्र ना राष्ट्रकूटांची, ना निजामाची. ती बहात्तरच्या दुष्काळाची लेकरं. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव. माझी आई त्यातल्या एका तलावावर होती. मुकादम, मस्टर, सुकडी हे शब्द आमच्या घरात त्यानंतर कितीतरी वर्षं चालत होते. आई सांगायची, काळी माती वेगळी टाकायची आणि मुरूम वेगळा. काळी मधे, गाभ्याला. मुरूम दोन्ही अंगांना. एक थर टाकायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग दुसरा थर. "घाई केली की पाळू पोकळ राहती," असं ती म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण मातीच्या धरणाचं शास्त्र तिनं डोक्यावरून वाहिलेलं होतं.

काळी माती गाभ्याला का, तर ती भिजली की फुगते आणि पाणी धरते. तीच वाळली की आकसते आणि हात जाईल एवढी भेग पडते. मराठवाड्यात तळी वर्षातले सहा-सात महिने कोरडी. म्हणजे पाळू उन्हात भेगाळते, आणि मृगात नाहीतर थेट श्रावणात एका रात्रीत पाणी चढतं. त्यात पाळूवर वेड्या बाभळी. मुळ्या खोल जातात, झाड मेलं की मूळ कुजतं आणि आत नळी तयार होते. पाणी त्या नळीतून वाट काढतं. आधी थेंब थेंब, मग धार, आणि धारेबरोबर माती. जुनी माणसं पाळूच्या पायथ्याचं पाणी ओंजळीत धरून बघायची. नितळ असलं तर भिऊ नये, गढूळ असलं तर गाव उठवावं. नितळ पाणी नुसतं झिरपतं, गढूळ पाणी पाळू खातं.

दुसरं मरण सांडव्याचं. जास्तीचं पाणी जायला ठेवलेली ती वाट. आमच्याकडं पाऊस कमी, म्हणून सांडव्यातून वाहून जाणारं पाणी बघवत नाही. मग कुणी दगडं रचतं, कुणी वाळूची पोती लावतं, हातभर पाणी वाढवतं. कुणी मासे जाऊ नयेत म्हणून जाळी बांधतं, तिला काटक्या-कचरा अडकतो. नऊ वर्षं काही होत नाही. दहाव्या वर्षी ढगफुटीसारखा पाऊस येतो, सांडवा तुंबलेला असतो आणि पाणी पाळूच्या डोक्यावरून जातं. मातीची पाळू डोक्यावरून पाणी गेलं की फार वेळ टिकत नाही.

आमच्या तलावाच्या पायथ्याला एका पावसाळ्यात ओल दिसली. दोघं-चौघं मिळून एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "अहो, पाझर तलाव आहे, पाझरणारच की." सगळे हसले. आमच्यातला एक म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, "साहेब, तळ पाझरावा लागतो, पाळू न्हाई. पाणी गढूळ येऊलालंय." पाझर तलाव म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. साहेबांनी अर्जावर शिक्का मारला आणि हा तलाव नेमका कुणाच्या ताब्यात आहे ते बघावं लागेल म्हणाले.

ते खरंच बघावं लागतं. शंभर हेक्टरपर्यंतचं सिंचन असेल तर तलाव जिल्हा परिषदेचा, त्याच्या वरचा जलसंधारणचा, मोठा असेल तर पाटबंधारेचा. माणूस फिरून फिरून थकतो. २०२१ला केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला, त्यात तपासणीची सक्ती आहे, चांगली गोष्ट आहे. पण तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधली असतील तर लांबी, साठा वगैरेंच्या अटी बसल्या तर. आमच्या आईनं ज्यावर माती टाकली तसल्या तळ्यांची उंची तिथवर पोचतच नाही. कायद्याच्या लेखी ती धरणंच नाहीत. खालच्या वस्तीच्या लेखी मात्र आहेत.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जवळच माकणीला तेरणेवरचं धरण होतं. मातीचं धरण, पण फुटलं नाही. त्या धरणाच्या पाण्यामुळंच भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांनी पुढं पुष्कळ वाद घातला. आमच्या लोकांच्या मनात धरणाची भीती बसली ती तेव्हापासून, पण ती मोठ्या धरणाची. गावालगतच्या तळ्याकडं तशा नजरेनं कुणी बघितलं नाही.

मग २०१९चा तिवरे आला. चिपळूण तालुक्यातलं ते लहान धरण २ जुलैच्या रात्री फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली माणसं झोपायच्या वेळेला वाहून गेली. धरण गळतंय असं गावकरी आधीपासून सांगत होते. जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी पोखरलं. त्यावर राज्यभर चेष्टा झाली. मला चेष्टा करावीशी वाटली नाही. खेकडा पोखरतो, घूसही पोखरते, तो तिचा धंदाच आहे. पाळूवर बिळं पडली आहेत हे आधी कुणाला दिसायला हवं होतं, एवढंच विचारायचं होतं.

आता आमच्या तळ्यांचं रूप बदललंय. गावं वाढत तळ्यापर्यंत आली. सकाळी पाळूवर फिरणारे असतात, संध्याकाळी पोरं फोटो काढतात, गणपती बुडवायला घाट हवा म्हणतात. कुठं बाकडी आली, कुठं दिवे. याला नाकं मुरडणारे आहेत, मी त्यातला नाही. दसबंदाचा इनामदार गेल्यापासून पाळूवर रोज जाणारी माणसं आत्ता पहिल्यांदा मिळाली आहेत. त्यांना फक्त कुठं बघायचं ते सांगावं लागतं. फिरणारी माणसं पाण्याच्या अंगाला बघत चालतात, कारण तिकडं देखावा असतो. पाळूची तब्येत कोरड्या अंगाला कळते, पायथ्याशी, जिथं उन्हाळ्यातही गवत हिरवं राहतं.

आमच्या तलावावर गेल्या साली सुशोभीकरणाचं काम आलं. वेड्या बाभळी तोडल्या, माथा सपाट केला, दोन्ही अंगांना शोभेची झाडं लावायला खड्डे घेतले. बाभळीचे बुंधे काढायचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते, म्हणून ते जमिनीलगत कापून वर मुरूम पसरला. आम्ही तिघं जण आषाढात त्या जागा मोजून आलो. सत्तावीस बुंधे आहेत. प्रत्येकाच्या समोर कोरड्या अंगाला एकेक खुंटी ठोकून ठेवली आहे, म्हणजे पाणी चढलं की कुठं बघायचं ते पोरांना ठाऊक राहील.