रयतेचा मत्स्यविनोद

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींचे जे विस्तृत विवेचन आहे, त्यात मत्स्यविनोदालाही स्थान असून, गळ, दोरी, काठी आणि आमिष यांचा विचार तेथे एखाद्या शास्त्राच्या गांभीर्याने केलेला आढळतो. उदरनिर्वाहासाठी मासे धरणारा कोळी निराळा आणि विनोदासाठी गळ टाकणारा धनी निराळा, हा भेद युरोपातही होता. इंग्लंडातील ट्राउट आणि सामन यांच्या कित्येक उत्तम नद्यांचे काठ जमीनदारांच्या मालकीचे, आणि सामान्य रयतेस तेथे मज्जाव. हा भेद बव्हंशी मोडून काढण्याचे कार्य अमेरिकेतील बास या हिरवट, रुंद जबड्याच्या माशाने आणि त्याच्या मागे फिरणाऱ्या लहानशा होडीने केले.

ट्राउटला थंड, निर्मळ, वाहते पाणी लागते. मोठ्या जबड्याच्या बासला मात्र संथ, कोमट आणि किंचित गढूळ पाणीही मानवते. बुडालेली खोडे, पाणवनस्पतींची दाटी, काठावरून ओणवलेल्या झाडांची सावली अशा आश्रयाला तो दबा धरून बसतो, आणि म्हणूनच काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचणे दुष्कर होते. सपाट बुडाची, वीतभर पाण्यातही तरणारी होडी घेऊन खुल्या पाण्याकडून काठाच्या दिशेने निःशब्दपणे यावे, एकाने वल्हे सांभाळावे, दुसऱ्याने खोडाच्या लगत गळ टाकावा, आणि थोड्या वेळाने दोघांनी जागा बदलाव्यात, एवढ्यावर नवशिक्याचे शिक्षण सुरू होऊ शके. त्यासाठी ना सनद लागे, ना नोकरचाकर.

या विनोदाची साधनेही कारागिरांच्या हातून घडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी संस्थानातील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दंतचक्रांच्या योगाने मुठीच्या एका फेऱ्यात दोरीचे रीळ अनेक फेरे फिरेल अशी योजना केली, आणि पुढे त्याच संस्थानातील फ्रँकफोर्टच्या मीक बंधूंनी ती नावारूपास आणली. माशाच्या प्रसाराला आगगाडीचे साहाय्य झाले: 1854 मध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यातील लहान जबड्याचे थोडे बास इंजिनाच्या पाणटाकीतून पर्वतापलीकडे नेऊन मेरीलंडमधील कंबरलंड येथे कालव्याच्या पाण्यात सोडण्यात आले, आणि तेथून त्यांनी पोटोमॅक नदी व्यापली. 1881 मध्ये डॉक्टर जेम्स हेन्शल यांनी या माशावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, वजनाच्या मानाने झुंजीत त्याची बरोबरी करणारा दुसरा मासा नाही असा पक्ष आवेशाने मांडला, तेव्हा कोठे अभिजनांच्या पंक्तीत त्याला पाट मिळाला.

परंतु या विनोदाचा खरा प्रतिनिधी शोधावयाचा, तर जॉर्जिया संस्थानात जावे लागेल. 2 जून 1932 रोजी, महामंदीच्या ऐन काळात, पावसाने शेतातील काम बंद पडल्यामुळे जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी एका मित्रासह ऑकमल्गी नदीच्या सोडलेल्या पात्रात साठलेल्या माँटगोमेरी तळ्यावर गेला. होडी घरीच फळ्या ठोकून केलेली. काठी आणि रीळ दोघांत मिळून एकच. त्या दिवशी गळाला लागलेला बास 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे दहा किलो भरला. त्याच्या वजनाची रीतसर नोंद झाली, एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पेरीला सुमारे 75 डॉलरांचा माल बक्षीस मिळाला, आणि तो जगद्विख्यात मासा कुटुंबाने खाऊन टाकला. विनोद आणि उदरभरण यांच्यामधली जी भिंत राजेरजवाड्यांनी उभारली होती, तिचा त्या स्वयंपाकघरात मागमूसही नव्हता.

पुढच्याच वर्षी सरकारने टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन केले. 1936 मध्ये नॉरिस धरण पूर्ण झाले, आणि पूरनियंत्रण व वीज यांसाठी बांधलेल्या अशा अनेक जलाशयांनी, ज्या मुलखात नैसर्गिक तळी विरळ होती तेथे, बासला विस्तीर्ण आश्रय उपलब्ध करून दिला. ओले एव्हिनरूड यांचे होडीच्या मागे लावण्याचे यंत्र 1909 पासूनच विक्रीस होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमनसारख्या विमानांच्या कारखान्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या होड्या काढल्या, आणि 1949 मध्ये ओहायोतील निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ घडविला. अशा रीतीने गिरणीतला कामगारही सुटीच्या दिवशी गळ टाकून बसू लागला, हे अमेरिकेतील निसर्गाचे देणे म्हणण्यापेक्षा धरणे बांधणाऱ्या सरकारचे आणि कारखान्यांचे देणे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

गर्दी वाढली तशी मर्यादेची निकड भासली. 1967 मध्ये आर्कान्सातील बीव्हर जलाशयावर मोठी स्पर्धा भरविणारे आणि पुढील वर्षी बास-शिकाऱ्यांची संघटना स्थापन करणारे रे स्कॉट यांनी 1972 पासून आपल्या स्पर्धांत धरलेला मासा जिवंत सोडण्याचा पायंडा पाडला, आणि तो सदाचार म्हणून देशभर रुजला. याच माशाला 1925 मध्ये जपानात नेण्यात आले होते. 2009 मध्ये तेथील बिवा सरोवरात पेरीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा बास मिळाला, परंतु स्थानिक माशांचा घातक शत्रू ठरल्यामुळे, धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास बिवाच्या परिसरात कायद्यानेच मनाई झालेली होती. पेरीने मासा खाल्ला, स्कॉटच्या अनुयायांनी सोडला, बिवाकाठच्या माणसाला तो सोडण्याची मुभाच नाही. आणि आपापल्या परिस्थितीत तिघांचेही वर्तन यथायोग्यच आहे. विनोदाचे नियम धर्मशास्त्राप्रमाणे त्रिकालाबाधित असतात असे मानणाऱ्यांनी या इतिहासाकडे पाहावे: दारिद्र्य, समृद्धी आणि पाण्याची प्रकृती यांनी ते नियम वेळोवेळी घडविले आहेत, आणि परिस्थिती पालटेल तसे ते पुढेही पालटणार आहेत.