देणे आजचे, येणे उद्याचे

14 सप्टेंबर 2007 च्या सकाळी ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. या बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितल्याची बातमी आदल्या रात्री बीबीसीने दिली होती. 1866 साली लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, त्यानंतर ब्रिटनने असे दृश्य पाहिले नव्हते. विशेष म्हणजे 2007 च्याच जूनअखेर ब्रिटिश नियामकाने नॉर्दर्न रॉकला जोखीम मोजण्याची स्वतःची पद्धत वापरायला मान्यता दिली होती. त्या पद्धतीने लागणारे भांडवल कमी भरले, म्हणून जुलैत बँकेने अंतरिम लाभांश 30 टक्क्यांनी वाढवला. कागदोपत्री भांडवल पुरेसे होते आणि घरकर्जांची थकबाकीही थोडी होती. तरीही अडीच महिन्यांच्या आत बँक सरकारच्या दारात उभी राहिली.

2008 च्या अरिष्टानंतर जगभर वित्तीय नियमनाची जी फेरबांधणी झाली तिचे मूल्यमापन करताना मी नेहमी या बँकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्या पडझडीत खरा प्रश्न उघडा दिसतो. बँकेची येणी वाईट नव्हती. देणी वाईट होती. तिच्याकडच्या पैशात सामान्य ठेवीदारांचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता, उरलेला पैसा घाऊक बाजारातून यायचा. ऑगस्ट 2007 मध्ये तो बाजार थिजला आणि पंचवीस वर्षांची घरकर्जे पोसायला पैसा उरला नाही. रांगेतले लोक घाबरट होते असे तेव्हा लिहिले गेले. ते अन्यायाचे आहे. तिथल्या ठेवविम्यात पहिले 2,000 पौंड पूर्ण आणि पुढच्या 33,000 पौंडांचे 90 टक्केच मिळत. अशा नियमाखाली पहाटे उठून रांगेत उभे राहणे हाच शहाणपणा होता. 17 सप्टेंबरला सरकारने सगळ्या ठेवींची हमी दिली, तेव्हाच रांगा ओसरल्या.

बँक म्हणजे काय, याचे उत्तर इथूनच द्यावे लागते. आज मागितले तर आज परत करायचे अशा बोलीवर पैसा घ्यायचा आणि वर्षानुवर्षांनी परत येईल अशा कामाला तो लावायचा. देणे आजचे, येणे उद्याचे. ही मुदतीतली तफावत बंद करता येत नाही, कारण तीच समाजाला बँकेने दिलेली सेवा आहे. घर, कारखाना, विहीर यांना दीर्घ मुदतीचा पैसा लागतो, तर घरात बचत करणाऱ्याला अडीअडचणीला पैसा हाताशी हवा असतो. या दोन गरजा जुळवणारी संस्था कितीही प्रामाणिक असली, तरी सगळे एकदम आले की ती पैसे देऊ शकत नाही. वॉल्टर बॅजेट यांनी 1873 साली ‘लोम्बार्ड स्ट्रीट’मध्ये यावर उपाय मांडला: चांगल्या तारणावर मध्यवर्ती बँकेने सढळ हाताने, पण चढ्या व्याजाने कर्ज द्यावे. 1933 साली अमेरिकेने त्याला ठेवविम्याची जोड दिली. या दोन आधारांच्या मोबदल्यात बँकांनी सरकारी देखरेख स्वीकारली. हा सौदा पुढची सत्तर वर्षे बऱ्यापैकी टिकला.

मग तेच काम बँक नसलेल्या संस्था करू लागल्या. वॉल स्ट्रीटवरच्या गुंतवणूक बँका रोखे तारण ठेवून एका रात्रीपुरता पैसा उसना घेत आणि दुसऱ्या दिवशी तोच व्यवहार पुन्हा करत. याला रेपो म्हणतात. आपल्याकडच्या सोनेतारण कर्जावरून तो समजून घेता येतो. शंभर रुपयांच्या सोन्यावर देणारा पंचाहत्तर रुपये देतो. एका सकाळी तो म्हणाला, की आजपासून साठच, तर कर्जदाराला तत्काळ पंधरा रुपये उभे करावे लागतात. सगळ्याच कर्जदारांवर ही वेळ एकदम आली, तर सगळेच सोने विकायला काढतील, भाव कोसळेल आणि देणारा साठाचेही पन्नास करील. 2007–08 मध्ये हेच घडले, फक्त सोन्याच्या जागी घरकर्जांवर आधारलेले रोखे होते. मार्च 2008 मध्ये बेअर स्टर्न्सकडची रोकड चार दिवसांत सुमारे 18 अब्ज डॉलरवरून 2 अब्जांवर आली. तेव्हाच्या नियमांनुसार तिचे भांडवल पुरेसे असल्याचे तिचा नियामक नंतरही सांगत राहिला, आणि ते हिशेबाने खरेही होते. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड या मनी मार्केट फंडाच्या एक डॉलरच्या युनिटचे मूल्य 97 सेंटवर उतरले, कारण त्याच्याकडे लेहमनचे 78.5 कोटी डॉलरचे कागद होते. त्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला फेडरल रिझर्व्हने 85 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. एक गुंतवणूक बँक, एक फंड, एक विमा कंपनी. तिघांपैकी कोणाच्याही दारावर ‘बँक’ अशी पाटी नव्हती, पण झुंबड उडाली ती बँकेवर उडावी तशीच.

या पार्श्वभूमीवर सुधारणांकडे पाहायचे. नोव्हेंबर 2008 मध्ये वॉशिंग्टन, एप्रिल 2009 मध्ये लंडन आणि सप्टेंबर 2009 मध्ये पिट्सबर्ग इथे जी-20 देशांच्या बैठका झाल्या. डिसेंबर 2010 मध्ये बँकांसाठी बेसेल-3 हे आंतरराष्ट्रीय नियम आले. अमेरिकेत 21 जुलै 2010 रोजी डॉड-फ्रँक कायद्यावर सही झाली. ब्रिटनने आपला नियामक मोडून 2013 मध्ये त्याचे दोन केले, आणि युरोपात मोठ्या बँकांची देखरेख नोव्हेंबर 2014 पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गेली.

यातला सर्वात मोठा भाग भांडवलाचा आहे. भांडवल म्हणजे तिजोरीत बाजूला ठेवलेली रक्कम, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तसे नाही. बँकेने वापरलेल्या पैशातला जो भाग भागधारकांचा आहे आणि जो कोणालाही परत करायचा नाही, ते भांडवल. तोटा झाला की आधी तो आटतो. बेसेल-2 मध्ये खऱ्या भागभांडवलाची किमान अट जोखीमभारित मालमत्तेच्या जेमतेम 2 टक्के होती. बेसेल-3 ने ती 4.5 टक्के केली, वर 2.5 टक्क्यांची राखीव फळी घातली आणि जागतिक महत्त्वाच्या बँकांवर आणखी अधिभार लावला. ही सुधारणा खरी आहे, तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण ‘जोखीमभारित’ या शब्दात मेख आहे. उत्तम मानांकनाच्या रोख्यावर पाचवा हिस्साच भार धरायचा असे ठरले, की पाचपट रोखे घेता येतात. मानांकन चुकले तर सगळे गणित चुकते, आणि 2007 साली ते चुकलेच होते. म्हणून बेसेल-3 ने दुसरी, साधी मोजपट्टी आणली: भार न लावता एकूण मालमत्तेच्या किमान 3 टक्के भांडवल हवे.

तीन टक्के म्हणजे स्वतःच्या एका रुपयावर तेहतीस रुपयांची मालमत्ता. लेहमनचे प्रमाण बुडण्यापूर्वी तिसाच्या आसपास होते. ज्या प्रमाणाने जग हादरले त्याच्या शेजारी किमान मर्यादा आखणे मला आजही समर्थनीय वाटत नाही. अनात अदमाती आणि मार्टिन हेल्विग या अर्थतज्ज्ञांनी 20 ते 30 टक्के स्वतःचे भांडवल असावे असे 2013 साली सुचवले. तो आकडा एकदम गाठणे कठीण आहे, पण बँकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध मांडलेला मुख्य युक्तिवाद, की त्यामुळे कर्जे मिळणार नाहीत, टिकत नाही. भागधारकाचा पैसाही कर्जाऊच दिला जातो, तो कुलपात पडून राहत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा मोठ्या, व्यवस्थेला महत्त्वाच्या बँकांसाठी 4 टक्के आणि इतरांसाठी 3.5 टक्के ठेवली आहे.

देण्यांच्या बाजूला बेसेल-3 ने प्रथमच हात घातला. तीस दिवस पैशाचा ओघ बाहेर जात राहिला तरी पुरेल इतकी सहज विकता येणारी मालमत्ता बँकेकडे असावी, असा नियम झाला. दुसऱ्या नियमाने वर्षभराच्या मुदतीचा मेळ पाहायला सांगितले. दिशा अगदी बरोबर होती. अंमल मात्र पातळ होत गेला. अमेरिकेने 2018 मध्ये कायदा बदलून कडक देखरेखीची मर्यादा 50 अब्ज डॉलरवरून 250 अब्जांवर नेली. पुढे 2023 मध्ये बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेची मालमत्ता 209 अब्ज डॉलर होती, त्यामुळे तीस दिवसांचा नियम तिला लागू राहिला नाही. तिच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवी विम्याच्या कक्षेबाहेर होत्या. सरकारी पाठबळाच्या रोख्यांवर जवळपास सगळे भांडवल खाऊन टाकील एवढा तोटा झाला होता, पण रोखे मुदतीपर्यंत ठेवणार असे म्हटले की तो ताळेबंदात दाखवावा लागत नव्हता. 9 मार्च 2023 या एका दिवसात 42 अब्ज डॉलर बाहेर गेले. नॉर्दर्न रॉकच्या वेळी रांगा लागल्या होत्या. इथे लोकांच्या हातात फोन होते. तीस दिवसांचे गृहीतक या वेगापुढे किती टिकेल, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना नव्याने सोडवावा लागेल.

बुडालेली संस्था मोडायची कशी, हा तिसरा प्रश्न. लेहमनला साध्या दिवाळखोरीच्या वाटेने जाऊ दिले आणि जग गोठले. एआयजीला वाचवले आणि करदाते संतापले. म्हणून मधला मार्ग ठरला: अशा संस्थेचा तोटा आधी भागधारकांनी, मग विशिष्ट रोखेधारकांनी सोसायचा आणि ठेवीदारांचे व्यवहार चालू ठेवायचे. कागदावर तो सुरेख आहे. मार्च 2023 मध्ये क्रेडिट स्वीसची वेळ आली, तेव्हा स्विस सरकारने ही आखलेली वाट सोडून बँक यूबीएसला विकली. 16 अब्ज फ्रँकचे रोखे शून्य झाले, भागधारकांना मात्र 3 अब्ज फ्रँक मिळाले. तोटा सोसण्याचा क्रम आणीबाणीत उलटतो, हे एकदा दिसल्यावर पुढच्या वेळी त्या क्रमावर कोण विसंबेल?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच अंगाने आला. 2017 च्या वित्तीय संस्था निवारण विधेयकात बुडत्या बँकेची देणी कापण्याची तरतूद होती. ठेवविमा तेव्हा 1 लाखाचा. आपल्या ठेवी कापल्या जातील या भीतीने देशभर असंतोष पसरला आणि ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. भीती समजण्यासारखी होती, कारण विमा न वाढवता तोट्याची भाषा आधी बोलली गेली. सुमारे वर्षभराने, सप्टेंबर 2019 मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि मुंबई-ठाण्यातल्या खातेदारांना सुरुवातीला एका खात्यातून 1,000 रुपयेच काढता येत होते. दोन-तृतीयांशाहून अधिक कर्जे एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होती आणि ती बनावट खात्यांआड लपवली होती. पेन्शनची पुंजी अडकलेली माणसे तेव्हा शाखांसमोर रडताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यानंतर, फेब्रुवारी 2020 मध्ये, विमा 5 लाखांचा झाला. 2021 च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध येताच 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे ठरले. हे दोन्ही बदल विधेयकाआधी झाले असते, तर त्याच विधेयकावर शांतपणे चर्चा होऊ शकली असती.

चौथा प्रश्न सीमेचा, आणि सुधारणांचे सर्वात मोठे अपुरेपण मला इथेच दिसते. बँकांवर नियम कडक झाले तसा पैसा बँकांबाहेर सरकला. आज जगातली जवळपास निम्मी वित्तीय मालमत्ता बिगर-बँक संस्थांकडे आहे. मार्च 2020 मध्ये फेडरल रिझर्व्हला मनी मार्केट फंडांसाठी पुन्हा धावावे लागले, अगदी 2008 सारखेच. सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनच्या पेन्शन फंडांना तारणाच्या मागण्या पुरवता येईनात, तेव्हा सरकारी रोखे खरेदीसाठी बँक ऑफ इंग्लंडने 65 अब्ज पौंडांपर्यंतची तयारी जाहीर केली. मुंबईत हेच 2018 साली झाले. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएसने दीर्घ मुदतीचे रस्ते आणि प्रकल्प काही प्रमाणात अल्पमुदतीच्या कागदांवर चालवले होते. समूहाचे कर्ज 90 हजार कोटींच्या वर आणि मानांकन ऑगस्टपर्यंत सर्वोच्च. ती थकताच म्युच्युअल फंडांनी इतर वित्त कंपन्यांचे कागद नव्याने घेणे आखडले आणि गृहकर्ज कंपन्यांचे श्वास कोंडले. बिगर-बँक वित्त कंपन्यांना रोखतेचा नियम रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2020 पासून लावला.

रिझर्व्ह बँकेचा एक जुना निर्णय इथे आठवतो. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना तिने व्यापारी बांधकाम कर्जांवरचा जोखीमभार 100 वरून 125 आणि 2006 मध्ये 150 टक्क्यांवर नेला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याहून कमी चर्चा झाली ती मार्च 2007 च्या नियमाची: कोणत्याही बँकेने इतर बँकांकडून घेतलेला पैसा सर्वसाधारणपणे तिच्या निव्वळ मालमत्तेच्या दुपटीहून अधिक नसावा. नॉर्दर्न रॉकपुढे रांगा लागण्याच्या सहा महिने आधी कोणीतरी देण्यांकडे पाहिले होते.

तीच नजर सगळीकडे लागू करावी असे माझे म्हणणे आहे. संस्थेचे नाव बँक असो, फंड असो, वित्त कंपनी असो वा पतसंस्था, तिने अल्पमुदतीचा पैसा घेऊन दीर्घमुदतीला लावला असेल, तर त्या तफावतीच्या प्रमाणात भांडवल, रोखता आणि देखरेख तिच्यावर यावी. मोजमापाचे साधन नवे शोधायला नको. भारतीय बँकांच्या वार्षिक अहवालात, हिशेबाच्या टिपांमध्ये, एक तक्ता छापलेला असतो: पहिला दिवस, दोन ते सात दिवस, आठ ते चौदा दिवस अशा टप्प्यांत किती देणी आहेत आणि किती येणी. तो 31 मार्चचा असतो आणि वाचकाच्या हाती काही महिन्यांनी पडतो. हाच तक्ता दर महिन्याला, आणि ज्यांच्या दारावर बँकेची पाटी नाही त्यांच्याकडूनही, खुला झाला पाहिजे.