ज्येष्ठतेची यादी आणि संगणकाची नोकरी
(ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील नोकरदार वर्गाच्या इतिहासातील एक प्रश्न)

ठाणे, डोंबिवली व कल्याण ह्या शहरांचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी नोकरदारांचा इतिहास होय. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात गिरगाव, दादर येथील जागेची टंचाई दुःसह झाली, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबे ह्याच मार्गाने मुंबईबाहेर सरकली. मुंबईपासून सुमारे ४८ किलोमीटरांवरील डोंबिवली हे अशा कुटुंबांचे गाव बनले. ह्याच वर्गातील पुढील पिढी पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरली. तिचे वेतन वाढले ह्याविषयी दुमत नाही. परंतु बढती आणि समाधान ह्यांचे परस्परनाते कसे पालटले, ह्याचे उत्तर वेतनाच्या आकड्यांतून मिळत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

बँक, विमा, रेल्वे व सचिवालय ही आधीच्या पिढीची मुख्य आश्रयस्थाने होत. तेथील बढतीचा आधार म्हणजे ज्येष्ठतेची यादी. आपल्यापुढे किती माणसे आहेत व त्यांपैकी कोण केव्हा निवृत्त होणार, हे प्रत्येक कारकुनास ठाऊक असे. प्रगती मंद होती, पण तिचा नियम उघड होता. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बँकर्सच्या संस्थेच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास जादा वेतनवाढ मिळे. म्हणून लोकलच्या प्रवासात अभ्यास करणारा प्रौढ लिपिक हे परिचित दृश्य होते. अधिकारीपदाबरोबर मात्र परगावी बदली येई. घर, मुलांची शाळा व वृद्ध आईवडील ह्यांच्याकडे पाहून कित्येकांनी ही बढती स्वेच्छेने नाकारली. नाकारणाऱ्याची त्यामुळे मानहानी होत नसे. वाचनालय, नाट्यमंडळ, गृहनिर्माण संस्था ह्यांच्या कारभारात त्याच्या कर्तृत्वास वाव मिळे. नोकरीने वेळेवर घरी सोडावे, एवढीच त्याची अपेक्षा असे.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्यातील अन्याय विसरता येणार नाही. गुणी कनिष्ठास केवळ वयामुळे थांबावे लागे, आणि बदली स्वीकारणे अशक्य असलेल्या अनेक स्त्रिया गुणवत्ता असूनही लिपिक म्हणूनच निवृत्त झाल्या.

संगणकास झालेला विरोध ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. आयुर्विमा महामंडळाने १९६० नंतरच्या दशकात संगणक आणण्याचे ठरविताच कर्मचारी संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांमध्ये ८ सप्टेंबर १९८३ रोजी व्यवस्थापन व संघटना ह्यांच्यात करार होऊन मर्यादित यंत्रांस संमती मिळाली. यंत्रावर काम करणाऱ्या लिपिकांस विशेष भत्ता ठरला. नोकरी जाण्याची भीती हे ह्या विरोधाचे कारण सामान्यतः सांगितले जाते, व ते खरेही आहे. परंतु ते अपुरे आहे. खातेवही लिहिण्यातील व ताळा जुळविण्यातील वीस वर्षांचे कौशल्य हेच ज्येष्ठ कारकुनाच्या प्रतिष्ठेचे मूळ होते. यंत्रामुळे त्याची नोकरी टिकली असती, तरी त्या वर्षांचे मोल उरले नसते. कराराच्या वाटाघाटींत प्रश्न होता तो ह्या मोलाचाही.

त्याच काळात मुंबईत दुसरी परंपरा आकार घेत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये देशी बनावटीचा संगणक पूर्ण झाला. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली आणि १९७३ पासून अंधेरीचे सीप्झ निर्यातीचे केंद्र म्हणून उभे राहिले. ह्या क्षेत्रात ज्येष्ठतेची यादी मुळातच नव्हती. पंचविशीतील अभियंता गटाचा प्रमुख होऊ शके, आणि परदेशातील प्रकल्पावर झालेली नेमणूक ही सर्वांत मोठी बढती समजली जाई. २००० सालच्या तारखांच्या दुरुस्तीमुळे ह्या मनुष्यबळाची मागणी वाढली. सार्वजनिक बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजनाही त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, आली. एक पिढी ठरलेल्या वयाआधी घरी परतत असता दुसरी संगणकाच्या नोकरीत पाऊल टाकत होती.

नव्या नोकरीत बढती वार्षिक मूल्यमापनावर ठरू लागली. अनेक कंपन्यांत सहकाऱ्यांची परस्परांशी तुलना करून ठराविक प्रमाणात श्रेणी वाटण्याची पद्धत होती. त्यामुळे स्वतःचे काम उत्तम होऊनही श्रेणी खालची मिळणे शक्य होते. प्रकल्प हाती नसलेला कर्मचारी ‘बेंच’वर बसे. वेतनवाढीचा खात्रीचा उपाय म्हणजे कंपनी बदलणे. वडिलांना बढतीची वाट पाहावी लागली, पण तिचा क्रम त्यांना ठाऊक होता. मुलास ती लवकर मिळे, पण तिचे कारण त्यास नेमके सांगता येत नसे.

नोकरीचे ठिकाणही जवळ आले. राज्याच्या २००३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने संकुलांच्या बांधकामास उत्तेजन दिले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्ग सुरू झाला. ऐरोली, ठाण्यातील वागळे इस्टेट व घोडबंदर रस्ता येथे कार्यालये उभी राहिली. डोंबिवलीकरास आता ठाण्यास गाडी बदलून ऐरोली गाठता येऊ लागली. अंतर घटले, तरी अमेरिकेच्या घड्याळाशी बांधलेल्या कामाचे तास घटले नाहीत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्यावर कार्यालय घरातच आले. प्रवास वाचला, परंतु घरी परतण्याची वेळ म्हणून जी होती, तीही नाहीशी झाली.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यत्वे मधल्या व वरच्या श्रेणींतील लोक येणार होते. ज्या व्यवसायाने कारकुनाच्या अनुभवाचे मोल यंत्राद्वारे कमी केले, त्याच व्यवसायातील अनुभवी माणसापुढे चार दशकांनंतर तोच प्रश्न उभा राहिला. भेद एवढाच की, १९८३ च्या कारकुनाच्या वतीने बोलणारी संघटना होती व तिच्याशी करार करणे व्यवस्थापनास भाग पडले. संगणक व्यवसायात सामुदायिक कराराची परंपरा रुजली नाही. येथे प्रत्येक जण आपली वाटाघाट एकट्यानेच करतो. ज्येष्ठतेची यादी पुन्हा यावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि बढतीचा नियम आधी माहीत असावा आणि सेवेत घालविलेल्या वर्षांची काही दखल असावी, ही त्या यादीमागील अपेक्षा मात्र कालबाह्य ठरलेली नाही.