गाविलगड सापडेना? स्पेलिंग बिघडवा!

पुण्यात वऱ्हाडी माणूस भेटला की लोक आधी उन्हाबद्दल विचारतात, मग संत्र्यांबद्दल. "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?" हा तिसरा प्रश्न.

तर मंडळी, चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर सिंह आणि गंडभेरुंड कोरलेत. अकोला जिल्ह्यात नरनाळा आहे, त्याचा महाकाली दरवाजा १४८७चा, बहमनी काळातला. आणि या सगळ्याबद्दल वाचायला कुणाचं महागडं सबस्क्रिप्शन लागत नाही. हेन्री कझेन्सने केलेली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी (१८९७), हेगचं दख्खनच्या ऐतिहासिक स्थळांवरचं पुस्तक (१९०७), ही इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. इम्पीरिअल गॅझेटिअर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर. सगळं फुकट.

फुकट आहे, पण सापडत नाही! कारण गोऱ्या साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. आपला 'ड' त्याच्या हाती 'र' झाला. वऱ्हाडचं बेरार, अचलपूरचं एलिचपूर, आणि अडगावचं चक्क 'आर्गॉम'. २९ नोव्हेंबर १८०३ला आर्थर वेलस्लीने तेल्हाऱ्याकडच्या या अडगावला मराठी फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. पुढे इंग्रजांनी सैनिकांना पदकं दिली, त्यांच्या पट्ट्यांवर हीच बिघडलेली नावं आहेत. म्युझियमच्या सर्चमध्ये 'अडगाव' टाका, हाती भोपळा. 'आर्गॉम' टाका, मग बघा.

दुसरी भानगड जिल्ह्यांची. वऱ्हाड १८५३ला निजामाकडून इंग्रजांकडे गेलं, १९०३मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ला मुंबई राज्यात आलं, १९६०ला महाराष्ट्रात. कॅटलॉगवाले बिचारे मूळ कागदावर जे लिहिलंय तेच टाइप करतात, ते त्यांचं कामच आहे. सिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर घ्या. कझेन्सच्या वेळी ते बाशीम जिल्ह्यात होतं. १९०५ला तो जिल्हा मोडला, मंदिर अकोल्यात गेलं. १९९८ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला, मंदिर परत वाशीममध्ये. देऊळ जागचं हललं नाही, फॉरेन की मात्र दोनदा बदलली :-)

म्हणजे इतिहास शोधायला आधी इतिहास माहीत पाहिजे. त्यामुळे एखाद्या हुशार पोराला 'अमरावती, महाराष्ट्र' टाकून काही मिळत नाही, आणि आपल्याकडे काही नाहीच असं त्याला वाटतं. हे मला फार लागतं.

आणि सापडलं की लगेच डाउनलोड करा. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या ऑनलाइन सेवा महिनोन्महिने बंद पडल्या. आपण इंजिनिअर लोक प्रॉडक्शनचा बॅकअप घेतो, मग गावाचा का नाही?

मी जुन्या-नव्या नावांच्या जोड्यांची एक एक्सेल शीट बनवतोय. सध्या बाळापूर आणि पातूरवर अडलोय.