पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची गळती : निदान आणि बदल

मोले, अनमोड, रामनगर, अळणावर या मार्गाने धारवाडच्या वेशीवरील केलगेरीला पोचलेल्या गाडीच्या इंजिनाखाली तांबूस तेलाचे थेंब दिसले, तर ती दुरुस्ती परतीच्या प्रवासानंतर करू म्हणून टाळणे धोक्याचे असते. तेल संपल्यावरही स्टिअरिंगचा चाकांशी असलेला यांत्रिक संबंध तुटत नाही. पण ते एकाएकी जड होते आणि अनमोडच्या उतरणीवरील वळणावर हा फरक जिवावर बेतू शकतो. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडल्यास पेट घेण्याची भीती असते.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची कल्पना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२६ मध्ये प्रत्यक्षात आणली. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ मध्ये क्रायस्लरने बसवली. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चालकाच्या हाताला साहाय्य करतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांच्या अनेक आवृत्त्यांत हीच रचना आहे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत विजेवर चालणारे स्टिअरिंग असल्याने तेथे पंपही नसतो आणि तेलही नसते.

गळती दिसली म्हणजे पंपच गेला, असे मात्र नाही. हा उतावळेपणा खिशाला महाग पडतो. प्रथम सगळा भाग पुसून कोरडा करावा, इंजिन चालू ठेवून दुसऱ्याकडून स्टिअरिंग फिरवून घ्यावे आणि ओल कोठून सुरू होते ते विजेरीने पाहावे. परतीच्या नळीची सैल पकड किंवा जोडावरील झिजलेली वायसर थोडक्या खर्चात बदलता येते. पुलीमागील दांड्याच्या सीलमधून तेल झिरपत असेल आणि वळवताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर पंप बदलणेच बरे.

इंजिन थंड झाल्यावर टाकीतील तेल पिचकारीने उपसून डब्यात घ्यावे. ते गटारात किंवा तळ्यात जाऊ देऊ नये. पट्ट्याची मांडणी टिपून मग तो काढावा, नळ्या सोडवाव्यात, बोल्ट काढून पंप बाहेर घ्यावा. दाबून बसवलेली पुली हातोडीने ठोकून काढू नये. त्यासाठी पुलर लागतो. नव्या पंपासोबत जोडांच्या वायसर नव्याच घालाव्यात. तेलाने भिजलेला पट्टा घसरतो, म्हणून तोही बदलावा.

तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच हवे; लाल आणि हिरवे तेल परस्परांत मिसळू नये. यानंतरचा भाग घाईत हमखास बिघडतो. पुढची चाके जॅकने उचलून, आधार लावून, इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवावे आणि टाकीतील तेल घटेल तसे भरत राहावे. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. कोरडा फिरलेला नवा पंप काही मिनिटांत निकामी होऊ शकतो. टोकाला स्टिअरिंग पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. तेलाला फेस येत असेल, तर शोषणाच्या नळीतून हवा आत शिरते आहे असे समजून तो जोड पुन्हा तपासावा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पाहून आणि पंपाखाली कोरडा कागद ठेवून मगच घाटाचा रस्ता धरावा.